उन्हाळी नृत्यरात्रींचे वाङ्मय आणि प्रवेशाचा प्रश्न : फायर आयलंडविषयक लेखनाचा चिकित्सक अभ्यास

गोषवारा

न्यूयॉर्कनजीकच्या फायर आयलंड या बेटावर विसाव्या शतकात समलिंगी स्त्रीपुरुषांनी उन्हाळी मेजवान्यांची व नृत्यरात्रींची एक स्वतंत्र संस्कृती घडविली. या संस्कृतीविषयीचे लेखन बहुधा मुक्तीचा गौरव किंवा स्वैराचाराचा निषेध अशा दोन टोकांना वाचले जाते. प्रस्तुत लेखात अँड्र्यू हॉलरन व लॅरी क्रेमर यांच्या १९७८ मधील दोन कादंबऱ्या, एस्थर न्यूटन यांचा १९९३ चा मानवशास्त्रीय ग्रंथ आणि २०२२ चा 'फायर आयलंड' हा चित्रपट यांचा विचार केला आहे. नृत्यरात्रीचे मूल्यमापन करताना तिथे कोणाला पोचता येते, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवल्यास या कृतींचे बलस्थान व मर्यादा अधिक स्पष्ट होतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्वीअर साहित्य, नृत्यसंस्कृती, फायर आयलंड, वर्ग, प्रवेश

१. प्रास्ताविक

नागर जीवनाच्या अभ्यासात दिवसाला जेवढे स्थान मिळाले तेवढे रात्रीला मिळालेले नाही. कारखाना, कचेरी, बाजार यांची नोंद होते. रात्रीच्या करमणुकीची नोंद बहुधा पोलिसांच्या कागदपत्रांत किंवा नीतिवाद्यांच्या तक्रारींत आढळते. ज्या समाजगटांना दिवसा स्वतःची ओळख लपवावी लागे, त्यांच्यासाठी मात्र रात्र हेच सामाजिक जीवन होते. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

मराठी अभ्यासकांना या विषयाची पद्धती अगदी अपरिचित नाही. तमाशाच्या अभ्यासात ढोलकी-फड आणि संगीत बारी असा भेद करताना केवळ कलाप्रकाराचा विचार पुरत नाही. तंबूबाहेर तिकीट काढणारा प्रेक्षक कोण आणि बैठकीत दौलतजादा करणारा कोण, हेही पाहावे लागते. नाच कोठे होतो आणि तेथे कोणाला जाता येते, यावरून त्या नाचाचा अर्थ बदलतो. हाच प्रश्न फायर आयलंडविषयीच्या लेखनाला विचारून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. बेट, बोट आणि हंगाम

फायर आयलंड हे लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर असलेले, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे वाळूचे चिंचोळे बेट आहे. त्यावरील चेरी ग्रोव्ह आणि पाइन्स या दोन शेजारी वसाहती समलिंगी समाजाच्या उन्हाळी वस्त्या म्हणून ओळखल्या जातात. तेथे मोटारींचे रस्ते नाहीत. लाकडी फळ्यांचे पादचारी मार्ग आहेत. न्यूयॉर्कहून आगगाडीने सेव्हिल या गावी यायचे, तेथून धक्क्यावर जायचे आणि फेरीबोटीने उपसागर ओलांडायचा, असा हा प्रवास आहे. मे महिन्याच्या अखेरीच्या 'मेमोरियल डे'पासून सप्टेंबरच्या आरंभीच्या 'लेबर डे'पर्यंत हंगाम चालतो.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील मंडळी चेरी ग्रोव्हला येऊ लागली. सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने तेथील अनेक घरे उद्ध्वस्त केली. त्यानंतर समलिंगी भाडेकरूंचे प्रमाण वाढत गेले. १९४८ मध्ये तेथे हौशी नाट्यप्रयोग करणारी कलासंस्था स्थापन झाली. पाइन्सची वसाहत त्यानंतरची, म्हणजे १९५० च्या दशकातील. साठ-सत्तरच्या दशकांत हॉरेस गिफर्ड या वास्तुरचनाकाराने तेथे उभारलेली लाकूड व काच यांची आधुनिक घरे पाहिली की या दोन वसाहतींमधील आर्थिक अंतर ध्यानात येते. ग्रोव्हची परंपरा नाटकाची, वेषांतराची आणि थट्टेची होती. पाइन्सची परंपरा सौष्ठवाची, संपत्तीची आणि निवडीची झाली.

घरभाडे एकट्याला परवडणारे नसल्याने अनेकजण मिळून हंगामापुरते घर घेत. पूर्ण हिस्सा, अर्धा हिस्सा, पाव हिस्सा अशी त्याची वाटणी असे. ज्याचा हिस्सा नाही तो दिवसापुरता पाहुणा. त्याला अखेरच्या बोटीने परतावे लागे. या व्यवस्थेचा पुढील विवेचनात वारंवार संबंध येणार आहे.

३. चहाच्या वेळेचे नृत्य ते डिस्को

आज ज्याला पार्टी म्हटले जाते तिचे मूळ येथे एका कायदेशीर अडचणीत सापडते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात समलिंगींचा वावर असलेले मद्यालय 'बेशिस्त' ठरवून त्याचा परवाना धोक्यात आणता येत असे. २१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी ग्रिनिच व्हिलेजमधील 'ज्युलियस' या मद्यालयात स्वतःची ओळख सांगून पेय मागितले, ते याच व्यवस्थेला आव्हान देण्यासाठी. त्याच सुमारास पाइन्समधील बोटेल येथे सायंकाळचा 'टी डान्स' सुरू झाला. पुरुषांनी जोडीने नाचणे धोक्याचे असल्याने रांगेत नाचण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रत्येक समूहात किमान एक स्त्री असावी, असा दंडक पाळला जाई. शिडीवर बसलेला कर्मचारी विजेरीचा झोत टाकून पुरुषांना एकमेकांपासून दूर करी, अशा आठवणी त्या काळातील रहिवाशांनी सांगितल्या आहेत.

जून १९६९ मधील स्टोनवॉलच्या उठावानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. १९७० मध्ये मायकेल फेस्को यांनी चेरी ग्रोव्हमध्ये 'आइस पॅलेस' हे नृत्यगृह सुरू केले. पुढे १९७४ च्या अखेरीस त्यांनीच मॅनहॅटनमध्ये 'फ्लमिंगो' हा सभासदांपुरता क्लब काढला. म्हणजे शहरी डिस्कोच्या जडणघडणीत बेटावरील अनुभवाचा वाटा होता. याच काळात शहरात दुसरीही एक परंपरा वाढत होती. डेव्हिड मँकुसो यांच्या राहत्या जागेत १९७० मध्ये सुरू झालेले 'लॉफ्ट' आणि १९७७ ते १९८७ या काळातील, लॅरी लेव्हान यांच्या संगीतासाठी ख्यात असलेले 'पॅराडाइज गॅराज' या ठिकाणी कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांचा मोठा वावर होता. याचा अर्थ असा, की 'समलिंगी नृत्यसंस्कृती' ही एकसंध गोष्ट नव्हती. वर्ण आणि वर्ग यांनुसार तिची दारे वेगळी होती.

४. 'डान्सर फ्रॉम द डान्स' : हंगाम संपल्यानंतर

अँड्र्यू हॉलरन यांची 'डान्सर फ्रॉम द डान्स' ही कादंबरी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षक येट्सच्या कवितेतून घेतलेले आहे. दोन मित्रांच्या पत्रव्यवहाराने कादंबरीचा आरंभ व शेवट होतो; त्यांपैकी एकाने लिहिलेली कादंबरी म्हणून मॅलोन नामक देखण्या वकिलाची कथा समोर येते. प्रतिष्ठित व्यवसाय सोडून मॅलोन प्रेमाच्या शोधात न्यूयॉर्कच्या नृत्यरात्रींत शिरतो. कामगार वर्गातील फ्रँकीवर त्याचे प्रेम जडते व तुटते. सदरलँड हा वाक्चतुर, नाटकी मित्र त्याचा मार्गदर्शक होतो आणि अखेर त्याला एका श्रीमंत तरुणाशी जोडून देण्याचा घाट घालतो. बेटावरील एका भव्य मेजवानीच्या रात्री सदरलँडचा मृत्यू होतो आणि मॅलोन नाहीसा होतो. तो उपसागर पोहून गेला की २५ मे १९७७ च्या एव्हरार्ड बाथ्स या स्नानगृहाच्या आगीत मेला, याविषयी केवळ वदंता उरतात. त्या प्रत्यक्षातील आगीत नऊ जण मृत्युमुखी पडले होते.

कादंबरीच्या कथनाची योजना लक्षणीय आहे. निवेदक हा मॅलोनचा निकटचा मित्र नाही. गर्दीतून त्याला पाहणाऱ्यांपैकी एक आहे. हंगाम संपल्यावर मॅलोनचे कपडे आवरण्यासाठी तो बेटावर येतो, तेथून कथा मागे जाते. त्यामुळे मेजवानीचे वर्णन कितीही उत्कट झाले तरी रिकाम्या घराची आठवण सुटत नाही. सेव्हिलमधील साध्या कुटुंबवत्सल घरांकडे मॅलोन ज्या ओढीने पाहतो, तीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या जीवनातून तो बाहेर पडला त्याचीच ओढ त्याला धक्क्याकडे जाताना लागते. या कादंबरीला केवळ भोगविलासाचे स्तोत्र म्हणणे त्यामुळे अन्यायकारक ठरते.

तथापि तिची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. येथे सौंदर्य हेच चलन आहे आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याला सर्व दारे उघडतात, असे कादंबरी गृहीत धरते. पोर्तोरिकन तरुण तिच्यात वारंवार येतात, पण ते पाहिले जातात. स्वतः पाहत नाहीत. घराचा हिस्सा कोणी भरला, हा प्रश्न ती विनोदाच्या अंगाने स्पर्श करून सोडून देते. निवेदकाच्या 'आम्ही' या सर्वनामात कोण समाविष्ट आहे, याची चौकशी ती करीत नाही.

५. 'फॅगट्स' : हंगामाच्या आरंभी

त्याच वर्षी लॅरी क्रेमर यांची 'फॅगट्स' ही कादंबरी आली. शीर्षकासाठी समलिंगी पुरुषांना हिणवण्याचा शब्दच निवडलेला आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरील पटकथाकार फ्रेड लेमिश हा डिंकी अ‍ॅडम्स या चंचल पुरुषाकडून निष्ठेची अपेक्षा करतो, हे तिचे मध्यवर्ती सूत्र होय. कथेचा काळ मेमोरियल डेच्या सुटीभोवतीचा असून तिचा परमोत्कर्ष फायर आयलंडवर होतो. हॉलरन हंगामाच्या अंतापासून मागे पाहतात, तर क्रेमर हंगामाच्या उद्घाटनालाच उपहासाचे लक्ष्य करतात. शहरातील समलिंगींच्या तंतोतंत आकड्याने होणारा कादंबरीचा आरंभच गणनेची थट्टा करणारा आहे. पात्रांची प्रचंड संख्या, धावते संवाद आणि अतिशयोक्ती यांतून एक वाङ्मयीन गलबला उभा राहतो.

ही कादंबरी समलिंगी वाचकांपैकी अनेकांना विश्वासघातासारखी वाटली. न्यूयॉर्कमधील ऑस्कर वाइल्ड मेमोरियल बुकशॉप या समलिंगी साहित्याच्या दुकानाने ती विक्रीस ठेवण्याचे नाकारले. हा रोष समजण्याजोगा आहे. नुकत्याच मिळालेल्या मोकळीकीवर घरातल्याच माणसाने टीका केली होती. परंतु वाङ्मयीन दृष्टीने खरी उणीव वेगळी आहे. क्रेमर यांना समूहातील माणसे स्वतंत्रपणे दिसत नाहीत. उपहासासाठी ती सारखीच व्हावी लागतात. परिणामी ज्या निष्ठेची मागणी फ्रेड करतो, तिला पात्र ठरेल असा माणूसच कादंबरीत शिल्लक राहत नाही.

६. १९८१ नंतरचे वाचन

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे एड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या आजाराचा हा आरंभ. त्यानंतर या दोन्ही कादंबऱ्यांचे वाचन बदलले. हॉलरन यांची कादंबरी गमावलेल्या स्वर्गाची आठवण ठरली, तर क्रेमर यांची भविष्यवाणी. क्रेमर यांनी स्वतः १९८२ मध्ये 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला, १९८५ मध्ये 'द नॉर्मल हार्ट' हे नाटक लिहिले आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅक्ट अप' या आंदोलनाला चालना दिली. त्यांचे कार्य निर्विवाद मोठे आहे. परंतु त्यामुळे १९७८ ची कादंबरी मागाहून खरी ठरली, असे मानणे समीक्षेच्या दृष्टीने सदोष आहे. विषाणू हा नैतिक निवाडा नव्हे. क्रेमर यांचा आक्षेप प्रेमाच्या अभावावर होता, साथीवर नव्हता.

या काळातील व्यवहार पाहिला की मेजवानी आणि आपत्ती यांचा संबंध किती गुंतागुंतीचा होता हे कळते. १९८१ च्या लेबर डेच्या सुटीत बेटावर मदतनिधी गोळा करण्याचा प्रयत्न झाला, त्यास अत्यल्प प्रतिसाद मिळाला. मात्र एप्रिल १९८२ मध्ये उपरोक्त संस्थेचा पहिला मोठा निधिसंकलन कार्यक्रम झाला तो 'पॅराडाइज गॅराज' या नृत्यगृहातच. १९८३ पासून पाइन्सच्या किनाऱ्यावर 'मॉर्निंग पार्टी' भरू लागली आणि तिचे उत्पन्न रुग्णसेवेला मिळू लागले. पुढे याच मेजवानीतील अमली पदार्थांच्या सेवनावरून वाद वाढला व १९९८ च्या मेजवानीनंतर संस्थेने ती बंद केली. आरोग्यसंस्थेने आरोग्यास घातक वर्तनावर पोसले जावे काय, हा आक्षेप रास्त होता. पण ज्या समाजाकडे मंदिरांची वा ज्ञातिसंस्थांची वर्गणी नव्हती, त्याने आपल्या मृतांसाठी पैसा उभारायचा तर तो जेथे एकत्र येत होता तेथूनच उभारणे क्रमप्राप्त होते. स्वर्ग किंवा नरक अशा द्वंद्वात्मक वाचनात ही वस्तुस्थिती बसत नाही.

७. न्यूटन यांची दृष्टी

एस्थर न्यूटन यांचा 'चेरी ग्रोव्ह, फायर आयलंड' हा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीवेष करणाऱ्या पुरुष कलावंतांवरील त्यांचे 'मदर कॅम्प' हे १९७२ चे संशोधन आधीच मान्यता पावले होते. ग्रोव्हमधील रहिवाशांच्या मुलाखती आणि प्रत्यक्ष वास्तव्य यांच्या आधारे त्यांनी साठ वर्षांचा इतिहास सिद्ध केला. कादंबऱ्यांत जवळजवळ अदृश्य असलेल्या स्त्रिया येथे पुढे येतात. आरंभीच्या काळातील सुस्थित, प्रतिष्ठित 'लेडीज' आणि नंतर आलेल्या श्रमिक पार्श्वभूमीच्या स्त्रिया यांच्यातील ताण, घरमालक व भाडेकरू यांच्यातील भेद, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांविषयीची नाराजी, या सर्वांची नोंद त्या घेतात. ज्यांना बाहेर अवहेलना सोसावी लागली त्यांनीही बेटावर आपापल्या पायऱ्या रचल्या, हे अप्रिय सत्य त्या लपवीत नाहीत. त्याच वेळी नाट्यप्रयोग, वेषांतर आणि सामूहिक थट्टा यांनी या समाजाला एकत्र कसे ठेवले, हेही त्या तितक्याच आत्मीयतेने दाखवितात.

प्रवेशाच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण १९७६ चे आहे. ग्रोव्हमधील टेरी वॉरेन ही स्त्रीवेषातील कलावंत पाइन्समधील एका उपाहारगृहात गेली असता तिला सेवा नाकारण्यात आली. नाकारणारे ठिकाणही समलिंगी ग्राहकांवरच चालणारे होते. त्यावर ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीदिनी, ग्रोव्हमधील मंडळी नटूनथटून बोटीने पाइन्सच्या धक्क्यावर उतरली. या स्वारीचा पुढे वार्षिक उत्सव झाला. निषेधाचे उत्सवात रूपांतर होताना त्याची धार किती उरते, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या दारातून एकीला परत पाठविले त्याच धक्क्यावर दरवर्षी शेकडोंचे स्वागत करावे लागते, हेही थोडे नाही.

८. चित्रपट आणि मराठी मुलखाशी जवळचे एक उदाहरण

२०२२ च्या 'फायर आयलंड' या चित्रपटाचे लेखन जोएल किम बूस्टर यांचे व दिग्दर्शन अँड्र्यू आन यांचे आहे. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची मांडणी पाइन्सवर बेतली आहे. आशियाई वंशाचे व बेताच्या उत्पन्नाचे मित्र श्रीमंतांच्या मेजवानीत शिरतात तेव्हा त्यांच्याकडे पाहणाऱ्या नजरा हाच प्रसंगाचा विषय होतो. हॉलरन यांच्याकडे जे केवळ पाहिले जात होते, ते येथे पाहू लागतात. ऑस्टिनची निवड त्यामुळे समर्पक ठरते. विवाह आणि मिळकत यांचा हिशेब तिच्याइतका नेमका कोणी मांडला नाही. मात्र या मित्रांना दरवर्षी आसरा देणाऱ्या एरिनला घर विकावे लागणार, हे सूत्र प्रेमकथेच्या सुखान्तात मागे पडते. प्रेम जुळते, पुढील उन्हाळ्यात राहायचे कोठे, हे अनुत्तरित राहते.

हाच प्रश्न भारतीय संदर्भात पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या आर. राज राव यांनी 'द बॉयफ्रेंड' या २००३ च्या इंग्रजी कादंबरीत अधिक कठोरपणे विचारला आहे. मुंबईतील इंग्रजी पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद महाडिक यांच्या संबंधांत जात, भाषा व पैसा सतत आड येतात. परमेश शहानी यांच्या 'गे बॉम्बे' या २००८ च्या ग्रंथात मुंबईतील त्याच नावाच्या गटाच्या भेटी व नृत्यमेजवान्यांचा अभ्यास असून तेथेही वर्ग व भाषा यांचे प्रश्न टळत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. कायद्याचा अडसर दूर झाला. परंतु प्रवेशशुल्क, इंग्रजी आणि रात्री उशिरा घरी परतण्याची सोय हे अडसर कोणत्याही निकालाने दूर होत नाहीत.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, फायर आयलंडच्या मेजवान्या या निव्वळ करमणूक नव्हत्या. जेथे दोन पुरुषांनी नाचणे परवाना घालविण्यास पुरेसे होते, तेथे नृत्य हेच नागरिकत्वाचे आचरण होते. या कृतींना स्वैराचाराच्या सदरात टाकणारी समीक्षा त्यांच्या इतिहासाकडे पाठ फिरविते. दुसरा, हॉलरन यांची कादंबरी कलाकृती म्हणून क्रेमर यांच्यापेक्षा सरस आहे, कारण ती ज्या जीवनावर प्रेम करते त्याचे दुःखही पाहते. परंतु दोघांच्याही दृष्टीच्या बाहेर राहिलेली माणसे न्यूटन यांच्या ग्रंथातच भेटतात. तिसरा, मुक्तीच्या जागेचे मूल्यमापन आत नाचणाऱ्यांच्या आनंदावरून जेवढे करावे, तेवढेच अखेरच्या बोटीने परत जावे लागणाऱ्यांवरूनही करावे.

महाविद्यालयीन वर्गात हे साहित्य शिकविताना ही दुहेरी दृष्टी विशेष आवश्यक आहे. वर्गात स्वतःची ओळख अद्याप कोणापाशीही न बोललेला विद्यार्थी असू शकतो. त्याच्यासमोर ही रात्र केवळ रोगाची वा अधोगतीची कथा म्हणून मांडली गेली तर ते असत्य ठरेल. आणि केवळ झगमगाटाची कथा म्हणून मांडली गेली, तर आपल्याला परवडणारे दार कोठे आहे, हा त्याचा प्रश्न अनुत्तरितच राहील.